कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत डिव्होर्स: एक महागडा वकील, एक मेडिएटर आणि कोर्टाचं फुकट सेल्फ-हेल्प सेंटर

आधी स्टार देऊन टाकते, कारण मला माहितीये हे वाचणारे अर्धे लोक रात्री दोन वाजता, शेजारचा माणूस झोपल्यावर, फोनचा ब्राइटनेस कमी करून वाचतायत. वकील नंबर एक: पाचपैकी एक, तोही त्यांच्या पॅरालीगलला, म्हणजे ऑफिसातल्या सहायक मुलीला. मेडिएटर, म्हणजे मध्यस्थ: साडेचार. वकील नंबर दोन, जिच्याकडून मी फक्त तीन तास विकत घेतले: पाच. आणि कोर्टाचं सेल्फ-हेल्प सेंटर, जिथे कागदपत्रांत मदत करणारे फॅमिली लॉ फॅसिलिटेटर बसतात: पाच, सहावा असता तर तोही. माझ्या बाजूचा सगळा खर्च मिळून १०,८८५ डॉलर. त्यातले ६,१०० पहिल्या वकिलाकडे, पहिल्या दहा आठवड्यांत, आणि त्या दहा आठवड्यांतलं जे काम शेवटी कामाला आलं ते मी सेल्फ-हेल्पमध्ये बसून एका सकाळी केलं असतं. वकिलांची नावं विचारू नका, देणार नाहीये.

आमचं थोडक्यात: लग्न डिसेंबर २०१३, पुण्यात. मुलगा सात वर्षांचा. नवरा चिपवाल्या कंपनीत, मी टेस्टिंगमध्ये, सनीवेलला टाउनहाउस आणि त्याचं कर्ज. मारामारी नाही, दारू नाही, दुसरं कोणी नाही, फक्त दोन वर्षं घरात एकमेकांशी डिशवॉशर आणि पिकअप-ड्रॉपपलीकडे बोलणं नव्हतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझा रिव्ह्यू अशाच केसला लागू आहे. घरात मारहाण, धमक्या, पासपोर्ट काढून घेणं, पैसे न देणं असलं काही असेल तर मेडिएटर-बिडिएटर सोडा, डीव्ही-१०० नावाचा रिस्ट्रेनिंग ऑर्डरचा अर्ज असतो, त्याला फी नाही, आणि बे एरियात मैत्री नावाची संस्था आहे, आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांसाठीच काम करते, आधी तिकडे फोन करा.

तर वकील नंबर एक. काचेची कॉन्फरन्स रूम, टेबलावर टिश्यूचा डबा, साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, टेल मी युअर स्टोरी. मी सांगितली. सासूबाई आल्या होत्या ते सहा महिने, २०१९ ची दिवाळी, माझ्या बाबांच्या ऑपरेशनला तो आला नाही ते, सगळं. साहेब मान हलवत होते, मध्येमध्ये लिहून घेत होते, इतकं छान ऐकून घेणारं माणूस मला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. आठवड्याने बिल आलं: क्लायंट हिस्टरी, १.६ तास, ५२५ च्या रेटने ८४० डॉलर. वकिलांचं घड्याळ सहा-सहा मिनिटांनी चालतं हे मला तेव्हा कळलं. मी ईमेल पाठवला की कागद मिळाले, त्यांनी उत्तर दिलं, थँक्स, नोटेड. ५२ डॉलर ५० सेंट.

पैशाचं दुःख होतंच, पण खरी चीड नंतर आली, जेव्हा कळलं की त्या १.६ तासांतलं एक वाक्यसुद्धा कोर्टापुढे जाणार नव्हतं. कॅलिफोर्नियात १९७० पासून नो-फॉल्ट आहे, कायद्यावर सही रोनाल्ड रेगनने केलेली, तेव्हा तो इथला गव्हर्नर होता. कारणाच्या जागी एफएल-१०० या अर्जाच्या फॉर्मवर एका चौकोनात खूण करायची, इर्रिकन्सायलेबल डिफरन्सेस, म्हणजे न मिटणारे मतभेद, झालं. दुसरा चौकोन आहे तो जोडीदार निर्णय घेण्याच्या स्थितीत कायमचाच नसेल त्यासाठी. तिसरा नाही. चूक कोणाची, कोण कोणाशी कसं वागलं, सासू काय म्हणाली, हे लिहायला फॉर्मवर रकानाच नाहीये. आपल्याकडे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं की कोर्टात जायचं म्हणजे न्याय मागायचा, मोठ्या माणसापुढे सांगायचं की बघा यानं माझ्याशी काय केलं. इथलं फॅमिली कोर्ट फक्त हिशोब करतं: पोराचे दिवस, घराचे पैसे, शेअर्स, पेन्शन, तारखा. कहाणी ऐकायला मैत्रीण आहे, थेरपिस्ट आहे, थेरपीला निदान इन्शुरन्स तरी चालतो. वकील या कामासाठी सगळ्यात महाग माणूस आहे आणि तो तुम्हाला थांबवणार नाही, का थांबवेल?

आता केस चालते कशी. मी तीनदा चुकून शिकले.

पहिली अट राहण्याची. तुमच्यापैकी एक जण कॅलिफोर्नियात सहा महिने आणि या काउंटीत तीन महिने राहिलेला पाहिजे. लग्न पुण्यात झालं की टिंबक्टूला त्याने फरक पडत नाही, मॅरेज सर्टिफिकेटसुद्धा कोणी मागितलं नाही. मग पिटिशन म्हणजे एफएल-१००, समन्स म्हणजे एफएल-११०, मूल असेल तर एफएल-१०५, ज्यात पोर गेली पाच वर्षं कुठे आणि कोणाबरोबर राहिलं ते लिहायचं. फाइल करायची फी ४३५ डॉलर. पगार कमी असेल तर एफडब्ल्यू-००१ भरून फी माफ होऊ शकते.

समन्सची दुसरी बाजू वाचा. खरंच वाचा, मी नव्हती वाचली. फाइल करणाऱ्याला फाइल केल्याक्षणी आणि समोरच्याला कागद मिळाल्याक्षणी काही बंधनं आपोआप लागू होतात: दुसऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय किंवा कोर्टाच्या ऑर्डरशिवाय मुलाला राज्याबाहेर न्यायचं नाही, त्याच्यासाठी नवीन पासपोर्टचा अर्ज करायचा नाही, इन्शुरन्स बंद करायचा नाही, प्रॉपर्टी विकायची किंवा दुसऱ्याच्या नावावर करायची नाही. मी माझ्या नावावर केस फाइल झाल्यावर तीन आठवड्यांनी पोराची मे महिन्याची पुण्याची तिकिटं शोधत बसले होते! आमच्या त्या एक स्टारवाल्या ऑफिसातल्या पॅरालीगलने गप्पांमध्ये सहज सांगितलं म्हणून वाचले. तिचा तो स्टार.

कागद समोरच्याला द्यायचे, पण तुम्ही स्वतः नाही द्यायचे. अठरा वर्षांवरचा कोणीही तिसरा माणूस पाहिजे. लोकांना वाटतं पोलीस येणार, ऑफिसात सगळ्यांसमोर लिफाफा हातात देणार. तसं होऊ शकतं, पण बोलणं शाबूत असेल तर टपालाने कागद आणि एफएल-११७ पाठवतात, समोरच्याने पोच म्हणून सही केली की काम झालं. त्याने १२ मार्च २०२४ ला सही केली, डायनिंग टेबलावर, पोराच्या स्पेलिंगच्या वहीशेजारी. ही तारीख लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांचं घड्याळ फाइल करण्यापासून सुरू होत नाही, समोरच्याला रीतसर कागद मिळाल्यापासून किंवा तो स्वतः कोर्टापुढे आल्यापासून सुरू होतं. सहा महिने आणि एक दिवस, म्हणजे आमचं १३ सप्टेंबरच्या आधी काही झालं तरी लग्न मोडू शकत नव्हतं. आणि मंडळातल्या काकू सांगतात तसं सहा महिन्यांनी आपोआप पण काही होत नाही. तुम्ही जजमेंटचे कागद पाठवले नाहीत तर तुम्ही लग्न झालेलेच. मला एक जण माहितीये, तो चार वर्षं स्वतःला डिव्होर्सी समजत होता आणि दुसऱ्या लग्नाच्या वेळी कळलं.

समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस, एफएल-१२०, त्याचीही फी ४३५. इथे बरीच जोडपी पैसे वाचवतात: एकाने फाइल करायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही, पण दोघांचा करारनामा करून उत्तर न देणाऱ्याची सही नोटराइज करायची, याला डिफॉल्ट विथ अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. पूर्ण कायदेशीर आहे. आम्ही ते केलं नाही, त्याचं कारण भारत. वकील नंबर दोनने सांगितलं आणि पुण्यातल्या माझ्या वकील मावसबहिणीने शिक्कामोर्तब केलं: हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न परदेशी कोर्टाने मोडलं तर भारतात ते कधी मानायचं, यावर सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी हा निकाल आहे. साध्या भाषेत, एकाने परदेशात परस्पर घेतलेला, आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावरचा घटस्फोट तिकडे टिकत नाही, पण दुसरा स्वखुशीने त्या कोर्टापुढे आला असेल आणि त्याची संमती असेल तर गोष्ट वेगळी. इर्रिकन्सायलेबल डिफरन्सेस हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाहीच आहे. म्हणून त्याने रीतसर उत्तर भरलं, दोघांनी सह्या केल्या, दोघं हजर आहेत हे कागदावर आलं. ४३५ डॉलर जास्त गेले, पण उद्या पुण्यातला फ्लॅट विकताना किंवा कोणाला परत लग्न करायचं असताना प्रश्न नको. हे पहिल्या वकिलाने एकदाही काढलं नाही, १.६ तासांत डिसेंबर २०१३, पुणे, हे शब्द किमान दहा वेळा ऐकून. २०२६ पासून म्हणे दोघांनी मिळून एकच जॉइंट पिटिशन भरायची सोय आली आहे, आमच्या वेळी नव्हती, ज्यांचं आधीच पटलंय त्यांनी त्याची चौकशी जरूर करा.

आता साहेबांनी केलेलं सगळ्यात महाग काम सांगते. तारीख. सेपरेशनची तारीख. इथे लग्नात असताना कमावलेलं ते दोघांचं अर्धं-अर्धं, आणि ते दोघांचं असणं सेपरेशनच्या दिवशी थांबतं, त्यामुळे त्या एका तारखेवर शेअर्स, ४०१के म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, सगळं हलतं. वर अजून एक: दहा वर्षं. दहा वर्षांच्या वरच्या लग्नाला कायदा लाँग ड्युरेशन म्हणतो आणि स्पाउजल सपोर्टवर, म्हणजे जोडीदाराच्या पोटगीवर, कोर्टाचा अधिकार मग बेमुदत राहू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तो गेस्टरूममध्ये झोपायला लागला, म्हणजे नऊ वर्षं आठ महिने. साहेबांनी हिशोब केला आणि त्यांचे डोळे चमकले, म्हणाले आपण जानेवारी २०२४ लावू, दहा पार होतात. मी म्हटलं एकाच घरात राहत होतो, काय सांगणार? तर त्यांचं म्हणणं तेच तर, एकाच घरात होता म्हणजे सेपरेट नव्हता. हे अर्धसत्य होतं. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने डेव्हिस केसमध्ये खरंच म्हटलं होतं की वेगळी घरं पाहिजेत, पण विधिमंडळाने कायदा करून ते उलटवलं, १ जानेवारी २०१७ पासून बघतात ते हे की संबंध कायमचा संपलाय हे एकाने दुसऱ्याला सांगितलं का आणि वागणं त्याला धरून होतं का. बे एरियातली भाडी बघता एका छपराखाली सेपरेट राहणारी जोडपी रगड असणार, कायद्याने निदान तेवढं मान्य केलं. तर या तारखेवर भांडायचं म्हणजे जुने मेसेज, टॅक्स, ट्रिपचे फोटो, साक्षी, तास, तास, तास. मला नोकरी आहे, मला बेमुदत सपोर्ट नकोच होता. पण दहा हा आकडा एकदा कानात पडला की माणूस वेडं होतं, मीही झाले, तीन आठवडे मी फोटो शोधत होते ज्यात आम्ही दोघं हसतोय. लग्न मोडायचं म्हणून ते लग्न चांगलं चाललं होतं याचा पुरावा गोळा करत होते मी. एका रात्री ते फोल्डर बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना रामराम. रिटेनर म्हणजे आगाऊ रक्कम ७,५०० भरली होती, उरलेले १,४०० परत मिळाले. उरलेलं ट्रस्ट अकाउंटमधलं परत मिळणं हा तुमचा हक्क आहे, मागून घ्या.

जाता जाता त्यांनी अजून एक करून ठेवलं होतं, एफएल-३००, रिक्वेस्ट फॉर ऑर्डर, पोराच्या ताब्याबद्दल. आमचं त्यावर भांडणच नव्हतं. पण ताब्याचा अर्ज गेला की हिअरिंगच्या आधी कोर्टाच्या मेडिएशनला जावंच लागतं, राज्याचा कायदाच आहे. काही काउंटींमध्ये तिथलं बोलणं गुप्त राहतं, काहींमध्ये तो काउन्सेलर जजला शिफारस करतो, आपल्याकडे कसं आहे ते जाण्याआधी विचारून घ्या, त्यावर काय बोलायचं ते ठरतं. मी चौदा पानं टाइप करून नेली होती. तिथल्या काउन्सेलर बाईंनी ती बघितलीसुद्धा नाहीत, फार गोड आवाजात विचारलं, शाळेच्या आदल्या रात्री तो कुठे झोपतो? इन्हेलर कोणाकडे असतो? पोहायला कोण नेतं? तिसऱ्या प्रश्नाला आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, कारण दोघांनाही सगळी उत्तरं माहीत होती. एका सिटिंगमध्ये २-२-५-५ ठरलं, सोम-मंगळ माझ्याकडे, बुध-गुरू त्याच्याकडे, शुक्र ते रवि आलटून पालटून.

सुट्ट्यांचा वेगळा फॉर्म आहे, एफएल-३४१ च्या पुढे कंसात सी. त्यावर थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस, मदर्स डे छापलेलं, खाली मोकळ्या ओळी. आम्ही गणपतीचा पहिला दिवस, लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज लिहिलं, सम वर्षी आई, विषम वर्षी बाबा, भाऊबीज मात्र दरवर्षी त्याच्याकडे कारण चुलत बहिणी तिकडे. एक टीप: तिथीमुळे तारखा बदलतात, तेव्हा कुठल्या कॅलेंडरप्रमाणे ते लिहून टाका, नाहीतर दरवर्षी भांडण. आणि भारताच्या ट्रिपचा वेगळा परिच्छेद करा. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणावरचा १९८० चा हेग करार आहे, त्यात भारत नाही, त्यामुळे एक पालक पोराला घेऊन तिकडेच राहिला तर इथल्या कोर्टाचा हात तिथपर्यंत सहज पोहोचत नाही. हे दोघांच्याही डोक्यात होतं आणि दोघंही बोलत नव्हतो. शेवटी लिहिलं: पंचेचाळीस दिवस आधी सांगायचं, जाण्या-येण्याचं तिकीट दाखवायचं, राहण्याचा पत्ता द्यायचा, आल्यावर पासपोर्ट ठरलेल्या जागी. लिहिल्यावर दोघांनाही झोप लागली असेल, मला तरी लागली.

आता सेल्फ-हेल्प सेंटर, ज्याच्यासाठी खरं हा रिव्ह्यू लिहायला बसले. सॅन होजेला नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर २०१ नंबर, फॅमिली जस्टिस सेंटर कोर्टहाउस, सेंट जेम्स पार्कच्या समोर, २०१६ मध्ये उघडलेली उंच इमारत, लाइट रेल दारातून जाते. राज्यातल्या प्रत्येक काउंटीच्या कोर्टात फॅमिली लॉ फॅसिलिटेटर असतो, त्याची फी नाही, आणि पगार कितीही असला तरी जाता येतं. मला वाटायचं हे गरिबांसाठी, आपण कसं जायचं, लाज वाटत होती. तिथे माझ्या शेजारी टेक कंपनीचं जॅकेट घातलेला माणूस एफएल-१५० भरत होता. ते तुमचे वकील नाहीत हे ते आधीच सांगतात, तुमच्या नवऱ्यालाही तेच मदत करतील, आणि तुम्ही बोललेलं वकील-अशिलासारखं गुप्त नसतं, त्यामुळे तिथे कहाणी सांगायचीच नाही. आणि माझ्यासाठी तेच औषध ठरलं. समोरच्या बाई फक्त पुढचा फॉर्म कुठला, हा चौकोन का, याला काय जोडायचं, एवढंच. चाळीस मिनिटांत मला माझी केस पहिल्यांदा एका पानावर दिसली. इंग्रजी कमी येणाऱ्यांनी हिअरिंगला दुभाषी मागून घ्यावा, पैसे पडत नाहीत, पण मराठीचा हवा असेल तर खूप आधी सांगा आणि हिंदी चालवून घेऊ नका.

एफएल-१४२ आणि एफएल-१५० हे दोन फॉर्म म्हणजे केसचं हाड आहे. पहिल्यावर तुमचं सगळं आहे-नाही ते आणि कर्जं, दुसऱ्यावर पगार आणि खर्च. पिटिशन फाइल केल्यापासून साठ दिवसांत एकमेकांना द्यायचे, कोर्टात नाही, फक्त दिले असं कोर्टाला सांगायचं. सगळं म्हणजे सगळं, पुण्यातला फ्लॅट, पीपीएफ, बाबांबरोबरचं जॉइंट खातं. लपवायचं मनात आलं तर रॉसी केस ऐका: एका बाईंना लॉटरीत तेरा लाख डॉलरच्या वर वाटा मिळाला, महिन्याभरात डिव्होर्स फाइल केला आणि नवऱ्याला सांगितलंच नाही. नवऱ्याला नंतर कळलं. अर्धे नाही, सगळे त्याला मिळाले, २००१ मध्ये अपील कोर्टानेही तेच ठेवलं.

एफएल-१४२ वरची तिसरी ओळ दागिन्यांची. मी एका रविवारी लॉकरमधलं सगळं किचनच्या वजनकाट्यावर मोजलं, पाटल्या, तोडे, मोहनमाळ, मंगळसूत्र. कधी मिळालं, कोणी दिलं, आज बाजारभाव काय. मला व्यक्तीशः भेट मिळालेलं ते माझं वेगळं, वाटणीत येत नाही. त्याच्या आजीची मोहनमाळ मी परत दिली, कायद्याने द्यायची होती म्हणून नाही. मेडिएटरने विचारलं याची किंमत कुठे लावायची, आम्ही दोघं एकदम म्हणालो कुठेच नाही.

मेडिएटर ४०० डॉलर तासाला, दोघांत अर्धे. दोन-दोन तासांच्या पाच बैठका आणि करारनामा लिहायचे तीन तास, ५,२०० झाले, माझे २,६००. अर्धा स्टार कापलाय कारण ते स्वतः दोघांपैकी कोणाचेच वकील नसल्याने हे तुला फायद्याचं आहे का असं विचारलं की भिंतीकडे बघतात. बरोबरच आहे त्यांचं, पण त्यासाठीच वकील नंबर दोन. लिमिटेड स्कोप म्हणतात, ठरावीक कामापुरती वकील, ४५० च्या रेटने तीन तास, १,३५०. तिने आरएसयूचं, म्हणजे कंपनीकडून पगाराबरोबर मिळणाऱ्या आणि नंतर हातात येणाऱ्या शेअर्सचं, गणित समजावलं आणि तिथेच तिचे पैसे वसूल झाले.

ते असं. समजा तो जानेवारी २०१९ ला कंपनीत लागला, जानेवारी २०२१ ला ४०० शेअर मिळाले ते जानेवारी २०२५ ला हातात येणार, आणि सेपरेशन जानेवारी २०२३. नेल्सन फॉर्म्युला ग्रँटच्या तारखेपासून मोजतो: चार वर्षांपैकी दोन लग्नातली, म्हणजे २०० दोघांचे, माझे १००. हग फॉर्म्युला नोकरी लागल्यापासून मोजतो: सहापैकी चार, म्हणजे २६७ दोघांचे, माझे साधारण १३३. शेअर जुन्या कामाचं बक्षीस म्हणून दिलेत की पुढे टिकून राहावं म्हणून, त्यावर कुठला लावायचा ते ठरतं. १९८४ आणि १९८६ चे दोन निकाल आहेत हे, स्टॉक ऑप्शनवरचे, आणि या खोऱ्यातल्या निम्म्या घरांची वाटणी त्यावर चालते. म्हणून ग्रँट लेटर मागा, फक्त ब्रोकरेजचं स्टेटमेंट नको. सेपरेशनची तारीख आम्ही मेडिएटरसमोर अर्ध्या तासात ३१ ऑक्टोबर २०२३ ठरवली. दोनशे डॉलर, माझे शंभर. साहेबांकडे त्याच तारखेवर मी हजाराच्या घरात घालवले होते.

मुलाचा सपोर्ट फॉर्म्युल्याने येतो, दोघांचे पगार आणि पोराच्या रात्री घाला, आकडा बाहेर, घासाघीस फारशी नाही. बोनस आणि आरएसयू दरवर्षी वेगळे असतील तर ऑस्लर-स्मिथ म्हणून एक तक्ता जोडतात, जादा आलं त्याची ठरलेली टक्केवारी. घर त्याने ठेवलं, रिफायनान्स करून माझा वाटा दिला. ४०१के वाटायला क्यूडीआरओ नावाचा वेगळा ऑर्डर लागतो, तो तज्ज्ञाकडूनच करून घ्या, माझे अर्धे ४०० गेले. नुसतं करारात लिहिलं म्हणून प्लॅनवाले पैसे देत नाहीत.

एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर, असलेल्यांसाठी एकच गोष्ट, पण मोठी: लग्न संपल्याच्या तारखेला डिपेंडंट स्टेटसही संपतं. केस चालू असेपर्यंत चालतं, जजमेंटनंतर नाही. तारीख ठरवायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, फॅमिलीवाल्याला नाही. टॅक्सचंही तसंच, ३१ डिसेंबरला तुम्ही काय आहात त्यावर ते अख्खं वर्ष ठरतं.

जजमेंटचं पाकीट मी स्वतः बनवलं आणि ते परत आलं. चूक माझीच, सपोर्टबद्दलच्या हक्क-जबाबदाऱ्यांचा एफएल-१९२ जोडायचा राहिला होता आणि हिशोबाचे फॉर्म एकमेकांना दिले असं कोर्टाला सांगणारा माझा एफएल-१४१ मी घरच्या फाइलमध्येच जपून ठेवला होता. सेल्फ-हेल्पमध्ये परत गेले, दहा मिनिटांत दुरुस्त. तिथल्या मुलीने सगळं चाळून झाल्यावर एफएल-१८० वर, म्हणजे जजमेंटच्या फॉर्मवर, बोट ठेवलं आणि विचारलं, आधीचं नाव परत हवंय का, आत्ता इथेच लिहिलंत तर वेगळी केस करावी लागणार नाही.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे आडनावापुरतं नसतं ते. अकरा वर्षं माझ्या पासपोर्टवर, लायसन्सवर, बँकेत, शाळेच्या पिकअपच्या यादीत मधलं नाव त्याचं होतं. तिला वाटलं मिडल नेम म्हणजे आजीचं-बिजीचं असेल, म्हणाली हेही बदलायचंय? मी हो म्हटलं आणि त्या ओळीवर बाबांचं नाव लिहिलं, स्पेलिंग दोनदा तपासून. एफएल-१९०, म्हणजे जजमेंट नोंदल्याचं पत्र, डिसेंबरमध्ये टपालाने आलं. सर्टिफाइड कॉपी तीन घ्या, मी एकच घेतली होती, डीएमव्ही, बँक आणि पासपोर्ट तिघांनाही एकाच आठवड्यात पाहिजे होती.